खोक्यावरची दुसरी ओळ

कारखान्यात पाऊल टाकलं की मावशी आधी हात धुवायची, मग कमरेला एप्रन बांधायची आणि मग फोन काढून बदाम दाबायची. गेले दोन महिने हा क्रम एकदाही चुकला नव्हता. बदाम म्हणजे कारखान्याच्या जाहिरातीखालचा लाल बदाम. तो दाबताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू ती आजारातून उठलेल्या कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवतेय.

कारखाना ब्रशांचा. दात घासायच्या नव्हे की केस विंचरायच्याही नव्हे. यंत्रांच्या पोटात बसणारे ब्रश तिथं बनत. बाटल्या धुणाऱ्या मशीनमध्ये गरागरा फिरणारे, पत्र्याच्या कडा घासणारे, भट्टीतून बाहेर येणाऱ्या पट्ट्यावरचा चुरा झाडणारे. असला ब्रश घेणारा माणूस बाजारात पिशवी घेऊन येत नाही. तो दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्यात असतो, आणि ब्रश झिजेपर्यंत आपल्याकडे ब्रश आहे हेही त्याच्या ध्यानात नसतं.

आठ माणसं कामाला होती. ब्रशांच्या गोल रुळांना भोकं पाडणारे दोघे, त्या भोकांत नायलॉनचे केस भरणाऱ्या चौघी, तारेचे ब्रश वळणारा एकजण, ज्याला सगळे तारवाला म्हणत, आणि आठवी मावशी. तिचं काम पॅकिंगचं. ब्रश कागदात गुंडाळायचा, खोक्यात बसवायचा, चिकटपट्टी लावायची आणि जाड पेनानं वर पत्ता घालायचा.

"मावशी, आज किती बदाम?" तारवाला पक्कड घासत विचारायचा.

"नऊशे चाळीस."

"आणि ब्रश किती गेले?"

"तू तारा वळ."

चौघी खाली मान घालून हसायच्या. पण हे हसणं वरवरचं होतं, कारण घोर सगळ्यांनाच लागला होता. बाटल्यांचा जो मोठा कारखाना निम्मा माल घ्यायचा, त्यानं नवीन मशीन बसवलं होतं. ते नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं बाटल्या धुई. ब्रशाचं कामच उरलं नाही. मालकांनी सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती बोलावलं होतं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की तीन महिने वाट बघू. तोवर नवे कारखाने मिळाले तर ठीक, नाहीतर केस भरायची आणि पॅकिंगची अशी मधली मोठी खोली गोदामासाठी भाड्यानं द्यायची. तारवाला आणि भोकं पाडणारा एकजण राहील, बाकी सहाजणांनी दुसरीकडे बघावं. सांगताना मालक टेबलावरची चिकटपट्टी उगाच उलगडत होते आणि परत गुंडाळत होते. दुसऱ्याच दिवशी गोदामवाला टेप घेऊन खोली मोजून गेला.

जाहिरातीचं काम अंगावर घेतलं ते सूनबाईंनी. मालकांच्या या सुनेनं आधी एका चपलांच्या दुकानाच्या जाहिराती फोनवर चालवल्या होत्या आणि दुकानाचा जम बसवून दिला होता. घरात आल्यावर तिला सगळे सूनबाईच म्हणायला लागले, कारखान्यातसुद्धा. तिनं ब्रशांचे छान फोटो काढले, रोज एक नवा टाकला, खाली लिहिलं 'तीस वर्षांचा विश्वास', आणि सगळ्यांना सांगितलं, "तुम्हीपण बघा बरं का. आपल्या माणसांनी आधी उचलून धरलं पाहिजे."

हे वाक्य मावशीनं फारच मनावर घेतलं.

घेणारच. चौदा वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि पगाराच्या कागदावर अंगठा उठवायची. पत्ता म्हणजे तिच्या लेखी नक्षी. चिठ्ठीवरची नक्षी बघायची आणि तशीच खोक्यावर काढायची. एकदा दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. तारेचे ब्रश बाटल्यांच्या कारखान्यात गेले, आणि तिथल्या माणसानं ते न बघता मशीनला लावले. किती बाटल्यांवर ओरखडे उठले ते मालकांनी तिला कधीच सांगितलं नाही. आता आपल्याला काढणार म्हणून ती एप्रन घडी करून बसली होती. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांच्या हातात शाळेतली असते तशी वही होती.

"इथून पुढं प्रत्येक पत्ता दोनदा लिहायचा," त्या म्हणाल्या. "एकदा खोक्यासाठी, एकदा हातासाठी."

अक्षर काय असतं ते त्यांनी तिला या वहीत शिकवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. चुकलं की त्या ओरडत नसत, फक्त खोडरबर पुढं सरकवत. वर्षभरात मावशी वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लेकीचं पत्र. लेकीचं पत्र पहिल्यांदा स्वतः वाचलं त्या दिवशी ती मालकीणबाईंकडे गेली आणि पत्र त्यांच्यापुढं धरून उभी राहिली. "बरं, बरं," असं म्हणून मालकीणबाईंनी तिला चहा दिला. हे उपकार कसे फेडायचे हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजूनही कळत नव्हतं. आता फोनवर एक बदाम दाबून कारखान्याचं भलं होणार असेल, तर तो न दाबायला ती काय दगड होती?

तिनं एकटीनं दाबून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं नणंदेला सांगितलं. नणंदेनं तिच्या जावांना. भाची, भाचीची सासू, शेजारीण, लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणी, असं करत बेचाळीस जणींचा गोतावळा जमला. रोज सकाळी मावशी त्यांना आठवण करायची. "बदाम दाबला का गं?" ज्यांना फोन नीट येत नसे त्यांना तिनं बाजूला बसवून शिकवलं. त्या बेचाळीस जणींच्या ओळखीपाळखीच्यांनीही दाबले. आकडा वाढत गेला. मावशीला वाटे, हा आकडा फुगला की गोदामवाला आपोआप मागं सरेल.

दोन महिने सरले. एका दुपारी ती सूनबाईंना चहा द्यायला गेली तर सूनबाई कपाळाला हात लावून बसलेल्या.

"काय झालं?"

"बसा मावशी. ऐका आजच्या चौकशा." सूनबाई पडद्यावरचं वाचू लागल्या. "एक बाई विचारतात, हा बाळाच्या दुधाच्या बाटलीला चालेल का. एकाला नोकरी हवीय. एकाचा स्वतःचाच ब्रशांचा कारखाना आहे, त्याला आपले भाव जाणून घ्यायचेत. एक आजोबा म्हणतात, माझ्या कुत्र्याचे केस फार गळतात."

"कुत्र्याला आपला ब्रश लावला तर कुत्रा उरायचा नाही."

सूनबाईंना हसू आलं, पण ते लगेच मावळलं. "दोन महिन्यांत एकही कारखाना नाही, मावशी. एकही. आणि जाहिरात बघतं कोण, तर हे बघा. पस्तीस ते सत्तर वयाच्या बायका. सगळ्या याच चार वस्त्यांमधल्या. मी कुठं असं सांगितलं होतं? मला कळतच नाहीये यांना आपले ब्रश एवढे का आवडतात."

मावशीनं चष्मा चढवला. पडद्यावर बदाम दाबणाऱ्यांचे छोटे गोल फोटो होते. ती एकेक बघू लागली आणि एका फोटोवर तिनं बोट ठेवलं.

"ही माझी नणंद," ती म्हणाली.

"कुठली?"

"ही. आणि ही तिची धाकटी जाऊ. ही भाची. ही भाचीची सासू, हिला मी स्वतः शिकवलं. ही आमच्या मागच्या घरातली." तिचं बोट थांबेना. "सूनबाई, यातल्या बेचाळीस माझ्या आहेत."

सूनबाईंनी खुर्ची मावशीकडे वळवली आणि चपलांचं दुकान डोळ्यापुढं आणून समजावून सांगितलं. दुकानाबाहेर एक नोकर उभा आहे असं समजा. फार आज्ञाधारक, पण स्वतःचं डोकं नसलेला. त्याला आपण सांगितलं की ज्यांना माल आवडेल त्यांना बोलावून आण. पहिल्या आठवड्यात दाराशी कोण थांबलं? नणंद. मग तो गेला नणंदेसारख्या बायका शोधत. त्या सापडल्या, त्यांनाही आवडलं, मग तो त्यांच्यासारख्या अजून शोधायला गेला. कारखान्यांच्या वाटेला तो फिरकलाच नाही. आणि त्याच्या प्रत्येक फेरीचे पैसे आपण मोजले.

"म्हणजे मी बुडवलं," मावशी म्हणाली.

"तुम्ही नाही. 'आपल्या माणसांनी उचलून धरा' असं मीच सांगितलं. चपलांना ते चालतं. चपला नणंदेलाही लागतात." सूनबाईंनी चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. "ब्रश तिला लागत नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

असं म्हटलं म्हणून मावशीचं मन थोडंच मानणार? त्या संध्याकाळी तिनं बेचाळीस जणींना फोन लावायला घेतले. बदाम दाबा म्हणून सांगणं सोपं होतं, दाबू नका म्हणून सांगताना नाकी नऊ आले.

"का गं? आमचा बदाम कमी प्रतीचा आहे का?" नणंद म्हणाली.

"तसं नाही हो, वन्सं. त्यानं नुकसान होतंय."

"प्रेमानं दाबला तरी नुकसान?"

"प्रेमानं दाबल्यामुळंच."

"तुझं तू बघ बाई," असं म्हणून नणंदेनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी मालकीणबाईंकडे गेली. घर कारखान्याच्या मागच्याच अंगाला होतं. मालकीणबाईंची नजर आता अधू झाली होती, ठळक मथळे तेवढे दिसत. म्हणून गेली तीन वर्षं मावशी रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्या दिवशी तिनं पहिली बातमी वाचली, दुसरी वाचली आणि तिसरीत अडखळली.

"काय आहे पोटात ते बोल," मालकीणबाई म्हणाल्या. "बातमी उद्या वाचली तरी शिळीच असणार आहे."

मावशीनं सगळं सांगितलं. ऐकून मालकीणबाई म्हणाल्या, "चौदा वर्षांत दोन चुका. पहिल्या चुकीतून तू लिहायला शिकलीस. आता दुसरीतून काय शिकतेस ते मला येऊन सांग. रडायचं असलं तर बाहेर रड, माझा पेपर भिजवू नकोस."

मावशीला रडता रडता हसू आलं.

तिकडं सूनबाईंनी जुनी जाहिरात पूर्ण बंद केली. आता उरला होता एक महिना. या खेपेला बाण नेम धरून मारायचा असं ठरवून त्यांनी नवी यादी केली. जाहिरात फक्त कारखान्यांचे मालक, संचालक आणि खरेदी अधिकारी यांनाच दिसेल. मालक यादी बघून म्हणाले, "हे बरोबर. पैसे देणाऱ्यालाच दाखवायला हवं." तारवाल्यानंही मान डोलावली. मावशी टेबलाशी एक खोकं बंद करत होती. तिनं वर कारखान्याचं नाव घातलं, पत्ता घातला, आणि दुसरी ओळ लिहायला घेतली, तेव्हा तिचा हात मधेच थांबला.

ही दुसरी ओळ म्हणजे मावशीची स्वतःची पद्धत होती. कामाला लागून दीड वर्ष झालं असेल तेव्हा एक खोकं एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली तीन आठवडे पडून राहिलं होतं. आत मशीन बंद आणि बाहेर ब्रश, अशी तऱ्हा. तेव्हापासून ती माल पाठवण्याआधी समोरच्यांना फोन करून विचारायची, "खोकं नेमकं कुणाच्या हातात द्यायचं?" आणि जे उत्तर मिळेल ते नावानिशी, हुद्द्यासकट, पत्त्याखाली लिहायची. मालक गमतीनं म्हणायचे, मावशी खोक्यालासुद्धा सोयरीक बघून पाठवते. पण त्यानंतर एकही खोकं फाटकावर अडकलं नाही.

आज तिच्या हाताखाली जी दुसरी ओळ उमटत होती तिच्यात होता एक फिटर. मशीन उघडणारा, पुसणारा, जोडणारा माणूस. काल गेलेल्या खोक्यावरही फिटरच होता. परवाच्या खोक्यावर देखभालीचा फोरमन.

तिची जीभ वळवळली आणि तिनं ती दाताखाली धरली. कालच एवढं नुकसान करून ठेवलं, आज कुठल्या तोंडानं शहाणपण शिकवायचं? तिनं खोकं बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. ते ठेवलं. मग पेनाला टोपण घातलं आणि सूनबाईंच्या खोलीत गेली.

"सूनबाई, एक विचारू? मालक लोक ब्रश मागवतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"बारा वर्षं मी खोक्यावर लिहितेय, कुणाच्या हातात द्यायचं ते. मालकाच्या हातात द्या, असं मला क्वचितच कुणी सांगितलं असेल."

"पण किती वेळा, ते आता कसं कळणार? खोकी तर गेली."

"खोकी गेली," मावशी म्हणाली. "पण मी दोनदा लिहिते."

घरी पत्र्याच्या पेटीत अकरा वह्या होत्या. त्या तिनं दुसऱ्या दिवशी दोन खेपांत आणल्या. पहिल्या वहीतली अक्षरं वाऱ्यात सापडलेल्या कपड्यांसारखी होती, कुठलंही कुठंही फडफडलेलं. तिसऱ्या वहीपासून ती ओळीत आली. आठवी वही बघून तर सूनबाई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुमचं अक्षर चांगलं आहे." दुसऱ्या वहीपासून प्रत्येक पत्त्याखाली दुसरी ओळ. कडेला तारीख. घाईचं खोकं असलं तर समासात लिहिलेलं 'लवकर'. कधी कधी खाली एखादी ओळ सहज घातलेली, की फोनवरचा माणूस चिडला होता, किंवा बिचारा दमला होता, किंवा त्यानं मला ताई म्हटलं.

दोघींनी एका पुठ्ठ्यावर रेघा मारत मोजणी केली. दोन दिवस लागले. एकूण चार हजार एकशे साठ खोकी. त्यातली दोन हजार नऊशे दहा देखभाल खात्यातल्यांच्या हाती गेलेली, म्हणजे फिटर, फोरमन, सुपरवायझर. सातशे स्वच्छता बघणाऱ्यांच्या हाती, चारशे भांडारात. मालकांच्या हाती दीडशे.

सूनबाईंनी पुठ्ठा उचलून भिंतीला टेकवला आणि लांबून बघितला. मग मालकांना बोलावलं.

"पण फिटरच्या हातात पैसे कुठं असतात?" मालक म्हणाले.

"पैसे नसतात, मालक," मावशी म्हणाली. "पण मशीन बंद पडलं की बोलणी त्यालाच बसतात. मग तो वर जाऊन सांगतो की ब्रश हवा, अमुक ठिकाणचा हवा. वरचा सही करतो. वरच्याला ब्रश गोल असतो का चौकोनी, तेही ठाऊक नसतं."

मालकांकडेही एक मशीन होतं, आणि त्याचा पट्टा कुठला घ्यायचा हे आजवर तारवाल्यानंच ठरवलं होतं. "आपल्याकडंही असंच आहे की," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

सूनबाईंच्या नजरेत आणखी एक गोष्ट भरली होती. 'लवकर' लिहिलेली खोकी वर्षभर विखुरलेली नव्हती. बरीचशी दरवर्षी त्याच दीड-दोन महिन्यांत होती. तारवाल्यानं पुठ्ठ्याकडे बघून सांगून टाकलं, "तेव्हा कारखाने आठवडाभर बंद ठेवून मशीनं उघडतात. उघडल्यावर झिजलेला ब्रश दिसतो. मग पळापळ." आणि तो काळ आता तीन आठवड्यांवर आला होता.

जाहिरात नव्यानं लिहिली गेली. 'तीस वर्षांचा विश्वास' गेला. तारवाल्यानं मागच्या कोठीतून एक गोणी ओढत आणली. नमुन्यासाठी म्हणून लोकांनी परत पाठवलेले झिजके ब्रश त्यात होते, टक्कल पडलेले, एका बाजूला कललेले, तेलानं चिकटलेले. सूनबाईंनी त्यातला सगळ्यात केविलवाणा निवडला आणि त्याचा फोटो काढला.

"हा?" तारवाला म्हणाला. "हा बघून कोण घेईल?"

"ज्याच्या मशीनमध्ये असाच आहे, तो."

खाली मावशीच्या वहीतल्या माणसांच्या बोलीत दोनच वाक्यं लिहिली. 'मशीन उघडल्यावर ब्रश असा दिसला का? शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा, बाकी आम्ही बघतो.' दाखवायची फक्त देखभाल आणि स्वच्छता बघणाऱ्यांना, त्यातही बाटल्या, पाव आणि पत्रा यांच्या कारखान्यांतल्या. विद्यार्थी, नोकरी शोधणारे, दुसरे ब्रशवाले आणि आपली सगळी माणसं यादीतून वगळलेली. सूनबाईंनी शेवटचं बटण मावशीला दाबायला लावलं. ते दाबायच्या आधी मावशीनं अंगठा एप्रनला पुसला.

मग जे झालं ते बघून सगळ्यांची तोंडं उतरली. पहिल्या आठवड्यात बदाम आले अकरा.

"अकरा?" मालक म्हणाले. "आधी नऊशे होते."

"आधीचे नऊशे माझे पाहुणे होते," मावशी म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. नणंदेचा फोन येऊन गेला होता की आता मला तुमची जाहिरात दिसतसुद्धा नाही, असं मी काय केलं. गोदामवाला एकदा डोकावून गेला. चौघींपैकी धाकटी दुसरीकडे काम बघून आली. सूनबाई मात्र बदामांकडे बघतच नव्हत्या. "फिटर बदाम दाबत नाही, मावशी. तो हात काळे करतो. आपण फोटोची वाट बघायची."

मावशीच्या हाताला एक खोड लागली होती. सकाळी हात धुऊन, एप्रन बांधून झालं की अंगठा आपोआप फोनकडे जाई. ती तो मुठीत दाबून धरी. ज्या जागेनं आपल्याला सगळं दिलं तिच्यासाठी काही करायचं नाही, हे काही केल्यापेक्षा अवघड होतं.

नवव्या दिवशी सकाळी सूनबाई जवळजवळ पळतच खोलीत आल्या आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला. फोटोत एक तेलकट फडकं होतं. त्यावर टक्कल पडलेला ब्रश, शेजारी पोलादी मोजपट्टी. कडेला काढणाऱ्याचा अर्धा अंगठा आलेला, काळा, नखात ग्रीस. खाली लिहिलेलं, 'पावाच्या भट्टीचा पट्टा. शनिवारी मशीन बंद ठेवतोय. दोन मिळतील का?'

चौघी, तारवाला, भोकंवाले, सगळे टेबलाभोवती वाकले. मावशी त्या काळ्या अंगठ्याकडे बघत राहिली. एके काळी असाच अंगठा ती पगाराच्या कागदावर उठवायची.

"दोनच," मालक म्हणाले.

"दोन तर दोन," तारवाला म्हणाला. "शनिवार म्हणजे गुरुवारी निघायला हवेत. रूळ द्या इकडं."

ते दोन ब्रश त्यांनी असे केले की जणू दोनशे आहेत. धाकटीनं एकेक झुपका ओढून तपासला. मावशीनं फोन लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, खोकं कुणाच्या हातात द्यायचं. पलीकडचा माणूस म्हणाला, "माझ्याच. मीच फिटर. फाटकावर ठेवू नका बरं का, ते लोक हरवतात."

"फाटकावर राहणार नाही," मावशी म्हणाली. "माझी जबाबदारी."

त्याच आठवड्यात आणखी दोन फोटो आले. पुढच्या आठवड्यात सात. आणि पावाच्या फिटरचा पुन्हा निरोप आला. ब्रश बसला, आवाज करत नाही, आणि माझा मेव्हणा बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन आहे, त्याला तुमचा नंबर दिलाय. त्या मेव्हण्याला साठ रूळ हवे होते, आणि दर तीन महिन्यांनी तेवढेच. त्यांचा कारखाना जुन्या मशीनचा होता, फवाऱ्यांचा नव्हे. सूनबाईंनी लगेच त्याच्यासारखे जुन्या मशीनवाले शोधायला घेतले. आज्ञाधारक नोकर या खेपेला योग्य रस्त्याला लागला होता.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा गोदामवाला टेप घेऊन आला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रुळांच्या चवडी लागल्या होत्या, चौघी कोपराला कोपर लावून केस भरत होत्या, दाराशी खोक्यांची भिंत. मालक दारातच उभे राहिले.

"खोली मोकळी नाही," ते म्हणाले. "चहा घेणार?"

गोदामवाल्यानं चहा घेतला. जाताना एक खोकं चुकून त्याच्या पायानं सरकलं, तर मावशीनं ते परत जागेवर सरकवलं.

संध्याकाळी मालकांनी मावशीला हाक मारली. म्हणाले, "त्या वह्या घरी पेटीत ठेवू नकोस. इथं कपाटात ठेव. कुलपाच्या."

"वह्या बाईंच्या आहेत, मालक. त्यांनीच विकत आणल्या होत्या."

"मग त्यांना विचार."

सूनबाईंनी तिच्यासाठी अजून एक काम काढलं होतं. इथून पुढं प्रत्येक खोक्याची दुसरी ओळ संगणकातसुद्धा भरायची, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची ते दरवर्षी नव्यानं शोधावं लागणार नाही. मावशी कळफलकापुढं बसली आणि तिनं सगळ्या बटणांकडे एकदा नजर टाकली. अक्षरं ओळखीची होती, पण मेली भलत्याच क्रमानं बसली होती.

"पुन्हा पहिलीत," ती म्हणाली.

"मी आहे ना," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मावशीनं चुकीचं बटण दाबलं तेव्हा त्यांनी नुसतं पुसायचं बटण कुठं आहे ते बोटानं दाखवलं. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. हे कुणाकडून आलं, ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर्तमानपत्र घेऊन मालकीणबाईंकडे गेली. पण पेपर तिनं उघडला नाही. वहीतलं पान काढलं आणि मेव्हण्याच्या साठ रुळांचा पत्ता वाचला. कारखान्याचं नाव, रस्ता, आणि दुसरी ओळ. मालकीणबाई डोळे मिटून ऐकत होत्या, जणू ती कुठली मोठी बातमी आहे.

"मग?" त्या म्हणाल्या. "दोनदा लिहिलंस ना?"

"तीनदा, बाई. एकदा खोक्यासाठी, एकदा हातासाठी, एकदा सूनबाईंच्या संगणकासाठी."

"आणि या चुकीतून शिकलीस काय?"

मावशीनं विचार केला. सांगायला बरंच होतं. नणंदेचं, नोकराचं, फिटरच्या अंगठ्याचं. पण ओठांवर आलं ते एवढंच.

"की कुणाच्या हातात द्यायचं ते आधी विचारावं."

मालकीणबाईंनी डोळे उघडले. नीट दिसत तर नव्हतं, तरी त्यांचा हात चाचपडत टेबलावर गेला आणि पेपर मावशीकडे सरकवला.

"वाच आता," त्या म्हणाल्या. "आधी हवामान."